कचरा मेलचा फिल्टर पुन्हा पुन्हा का बिघडतो : आधी हेडर बघा, मग सेटिंगला हात लावा

वाळूजचं जॉबवर्कचं वर्कशॉप असो, जालन्याची बियाणे कंपनी असो नाहीतर लातूरची डाळमिल, तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. "सर, सेटिंग करून गेलात तेव्हा नीट होतं, आता परत तसलंच येऊ लालंय की." त्यावरचा ठरलेला उपायही एकच : फिल्टर आणखी कडक करा. मग चार दिवसांनी दुसरा फोन येतो, या वेळी अकाउंटंटचा. पुण्याच्या पार्टीने पीओ (खरेदीची ऑर्डर) पाठवलाय म्हणतात, आपल्याकडे आलाच नाही. लगेच फिल्टर ढिला केला जातो. महिन्याने पुन्हा पहिला फोन.

हे चक्र थांबवायचं असेल तर कडक-ढिलं करायचा तो आकडा काही दिवस विसरा. दोष सहसा त्या आकड्यात नसतो. फिल्टरला कुणी हात लावलेला नसतो, पण त्याच्या भोवतीचं काहीतरी बदललेलं असतं : सर्व्हरचा डीएनएस (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था), डोमेनचा एखादा रेकॉर्ड, फिल्टर रोज आपोआप काय शिकतोय ते. आणि नेमकं काय बदललं ते प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या पण एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदीत, लिहिलेलं असतं. तो वाचायचा मात्र कुणी कंटाळा सोडत नाही.

आधी परिणामकारकतेचं बोलू, कारण तिथेच मोजमाप चुकतं. विकणारा सांगतो "९९ टक्के कचरा अडवतो". समजा ऑफिसला महिन्याला २,००० मेल येतात आणि त्यातले १,२०० कचरा आहेत. ९९ टक्के अडवले तर १२ आत येतील. ते उडवायला मिनिटभरही लागत नाही. आता उरलेले ८०० कामाचे. त्यातला एक टक्का जरी चुकून कचऱ्यात गेला तरी ८ मेल गेले, आणि त्या आठात टेंडरचं शुद्धिपत्रक, जीएसटीची नोटीस, ग्राहकाने बदललेली डिस्पॅचची तारीख यातलं काहीही असू शकतं. जीमेल स्वतःबद्दल ९९.९ टक्क्यांहून जास्त अडवतो असं सांगतो, आणि त्याच्या आकारमानाला ते शोभूनही दिसतं. पण तो आकडा अडवलेल्या कचऱ्याचा आहे, गिळलेल्या कामाच्या मेलचा नाही. त्यामुळे कुठलाही फिल्टर घेताना मी पहिला प्रश्न विचारतो तो असा : चुकून अडवलेला मेल मला कुठे दिसेल, आणि किती दिवस दिसेल? याचं सरळ उत्तर नसेल तर बाकीचे टक्के ऐकण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे फिल्टर एक नसतो. होस्टिंगवर एक असतो, आउटलुक किंवा थंडरबर्डचा आपला एक असतो, अँटीव्हायरस सोबत आणखी एक घेऊन येतो, आणि मालकांनी मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करून घेतला असेल तर तिथला चौथा. डाळमिलवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही : एकाखाली एक चार चाळण्या असतील तर डाळ नेमकी कुठल्या चाळणीवर अडकली ते बघितल्याशिवाय कुणी जाळी बदलत नाही.

हेडर कसा काढायचा

जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर "शो ओरिजिनल". थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू. जुन्या पद्धतीच्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडा, मग फाइल, प्रॉपर्टीज, आणि खाली "इंटरनेट हेडर्स" नावाची चौकट. कुणाकडून मदत घ्यायची असेल तर मेल फॉरवर्ड करू नका, फॉरवर्ड केला की मूळ हेडर जातो. मेल ईएमएल फाइल म्हणून सेव्ह करा आणि ती फाइल जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या स्क्रीनशॉटवरून फक्त एवढंच कळतं की मेल आला होता.

आत तीन गोष्टी शोधा. "रिसीव्ह्ड"ने सुरू होणाऱ्या ओळी मेलचा प्रवास सांगतात, त्या खालून वर वाचायच्या. "ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स"मध्ये एसपीएफ (या सर्व्हरला त्या डोमेनचा मेल पाठवायची परवानगी आहे का), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क ("कडून"मधलं डोमेन या दोघांशी जुळतं का, नसेल तर काय करायचं) यांचे निकाल असतात. आणि "एक्स-स्पॅम-स्टेटस"मध्ये फिल्टरने दिलेले गुण व ते कुठल्या नियमांमुळे दिले त्यांची यादी. ही तिसरी ओळ स्पॅमअसॅसिन नावाच्या फिल्टरची. सीपॅनेल असलेल्या शेअर्ड होस्टिंगवर सहसा तोच असतो. २००१ मध्ये जस्टिन मेसनने सुरू केलेला हा प्रकल्प पुढे अपाचे फाउंडेशनकडे गेला, आणि आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांचा कचरा आजही मोठ्या प्रमाणात तोच चाळतो. मूळ सेटिंगमध्ये ५ गुण झाले की मेल कचरा ठरतो.

आत आलेल्या कचऱ्याचे चार-पाच नमुने आणि चुकून अडकलेले चार-पाच चांगले मेल घ्या, सगळ्यांच्या या ओळी शेजारी शेजारी ठेवा. कारण बहुधा तिथेच दिसतं.

गुणांची ओळच नाही

आत आलेल्या कचऱ्यावर "एक्स-स्पॅम-स्टेटस" सापडतच नसेल तर फिल्टर कमजोर नाही, तो मेल त्याच्यासमोरून गेलेलाच नाही. सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे जुना एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ते सांगणारी डीएनएसमधली नोंद. कंपनी दुसऱ्या मेलसेवेवर गेली, नवे एमएक्स टाकले, पण जुन्या होस्टिंगचा एक रेकॉर्ड "राहू द्या, बॅकअपला" म्हणून मागे ठेवला. कचरा पाठवणारे मुद्दाम कमी प्राधान्याच्या एमएक्सवर मेल टाकतात, कारण तिथे पहारा ढिला असतो हे त्यांना ठाऊक असतं. तो रेकॉर्ड काढून टाका. आजच्या काळात छोट्या कंपनीला बॅकअप एमएक्सची गरज नाही. तुमचा सर्व्हर थोडा वेळ बंद असला तरी पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

दुसरं कारण आकार. स्पॅमअसॅसिनला मेल देणारा प्रोग्राम मूळ सेटिंगमध्ये ५०० केबीपेक्षा मोठा मेल न तपासताच पुढे सोडतो. मोठी चित्रं जोडलेला कचरा म्हणूनच अलगद आत येतो. मर्यादा वाढवता येते, पण सर्व्हरची मेमरी बघून.

गुण उणे शंभरच्या आसपास

हे दिसलं की व्हाइटलिस्ट (ज्यांचा मेल अडवायचा नाही त्यांची यादी) उघडा. तिथे तुमच्याच डोमेनसाठी तारा (*) टाकलेली ओळ सापडेल, म्हणजे "आपल्या कंपनीच्या पत्त्यावरून आलेला कुठलाही मेल सोडा". हेतू चांगला असतो : ऑफिसमधला आपसातला मेल अडकू नये. पण मेलवर "कडून" म्हणून काय लिहायचं ते पाठवणाऱ्याच्या हातात असतं. कचरा पाठवणारा तुमचाच पत्ता तुमच्या नावाने वापरतो, स्पॅमअसॅसिन त्या ओळीमुळे त्याला उणे १०० गुण देतो, मग बाकी नियमांनी वीस-पंचवीस गुण लावले तरी काही फरक पडत नाही. "तुमचा मेलबॉक्स भरला आहे, पासवर्ड पुन्हा टाका" हे मेल स्वतःच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात ते यामुळेच.

स्वतःचं डोमेन, जीमेल डॉट कॉम, किंवा एखाद्या बँकेचं अख्खं डोमेन असं सरसकट व्हाइटलिस्टमध्ये कधीच नको. स्पॅमअसॅसिनमध्ये एसपीएफ किंवा डीकेआयएम उत्तीर्ण असेल तरच सवलत देणारा वेगळा प्रकार आहे, तो वापरा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून या यादीला "वेलकमलिस्ट" म्हणतात, त्यामुळे नव्या सर्व्हरवर जुनं नाव सापडलं नाही तर गोंधळू नका.

शिकणारा फिल्टर उलटं शिकलाय

महिनाभर चांगलं चालून मग घसरतं, ही तक्रार असेल तर मी सगळ्यात आधी इथे बघतो. नियमांच्या यादीत "बेझ" आणि त्यापुढे एक आकडा असतो. ९९ म्हणजे शब्दांवरून हा मेल जवळपास खात्रीने कचरा वाटतो, ५० म्हणजे सांगता येत नाही, ०० म्हणजे जवळपास खात्रीने चांगला. उघड उघड कचऱ्यावर जर "बेझ ००" दिसत असेल तर फिल्टरचं शिक्षण बिघडलेलं आहे.

हे असं होतं : बेझ पद्धत तुमच्या मेलमधल्या शब्दांचा हिशेब ठेवते, कुठला शब्द कचऱ्यात किती वेळा आला आणि कामाच्या मेलमध्ये किती वेळा. २००२ मध्ये पॉल ग्रॅहमने ती मांडल्यानंतर ती सगळीकडे पसरली, आणि तिची ताकद हीच की ती तुमच्या धंद्याची भाषा शिकते. स्पॅमअसॅसिनमध्ये किमान २०० कचरा आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय ती बोलतच नाही. आता कुणी बसून शिकवत नाही, म्हणून "ऑटोलर्न" चालू असतं. मूळ सेटिंगमध्ये बाकीच्या नियमांनी ज्याला ०.१ पेक्षा कमी गुण दिले तो मेल चांगला म्हणून शिकला जातो आणि १२ च्या वर गेलेला कचरा म्हणून. अडचण अशी की कचऱ्याची नवी लाट येते तेव्हा पहिल्या काही तासांत पाठवणाऱ्याचा पत्ता कुठल्याच काळ्या यादीत (कचरा पाठवणाऱ्यांच्या यादीत) नसतो. गुण पडतात शून्याच्या आसपास. फिल्टर तो मेल आत सोडतो, आणि वर "हा चांगला" म्हणून शिकूनही घेतो. पुढच्या लाटेला तेच शब्द मदत करतात. असं साठत गेलं की महिन्या-दोन महिन्यांत फिल्टर तुमच्या विरोधात साक्ष द्यायला लागतो.

यात ऑफिसची भर पडते ती वेगळीच. लोक कचऱ्यावर "जंक"चं बटण दाबतात, पण जंकमध्ये चुकून गेलेला मेल बाहेर काढताना "जंक नाही" दाबत नाहीत, तो सरळ ओढून इनबॉक्समध्ये टाकतात. काही सेटअपमध्ये त्यातूनही फिल्टर शिकतो, बऱ्याच ठिकाणी काहीच शिकत नाही. शिवाय स्वतः पैसे देऊन लावलेल्या बाजारभावाच्या मेलचा कंटाळा आला की त्याची सदस्यता रद्द करण्याऐवजी रोज त्याला जंक केलं जातं. त्यात सोयाबीन, तूर, हमीभाव, आवक हे शब्द असतात. महिन्याने अडतीकडून येणारा खरा मेल जंकमध्ये जायला लागला तर त्यात फिल्टरचा काय दोष?

उपाय म्हणजे जुना हिशेब पुसून नवा मांडणे. स्पॅमअसॅसिनमध्ये एसए-लर्न या शिकवणाऱ्या प्रोग्रामला "क्लिअर" सांगून बेझचा साठा रिकामा करता येतो. शेअर्ड होस्टिंगवर टर्मिनल नसेल तर होस्टिंगवाल्याकडून करून घ्या. थंडरबर्डमध्ये सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी भागात जंकखाली "रीसेट ट्रेनिंग डेटा" आहे. मग गेल्या काही महिन्यांतले, हाताने तपासलेले, दोन्ही प्रकारचे मेल शिकवा. चांगल्या मेलमध्ये प्रत्येक विभागाचे हवेत : खरेदी, अकाउंट, डिस्पॅच, एचआर. फक्त मालकांचा इनबॉक्स शिकवला तर फिल्टर मालकांपुरताच हुशार होतो. आणि ऑटोलर्न बंद ठेवा, निदान "चांगला" ठरवायची मर्यादा उण्यात न्या.

वाळूज-चिकलठाण्याच्या व्हेंडरांसाठी मात्र एक कबुली द्यायलाच हवी. तुमच्या कामाचा मेल आणि कचरा यांची भाषा एकच आहे. "प्लीज कोट युवर बेस्ट प्राइस, ड्रॉइंग अटॅच्ड" असं लिहून परदेशी ग्राहकही आरएफक्यू (दराची विचारणा) पाठवतो आणि व्हायरस पसरवणाराही. शब्द मोजून यात फरक करता येत नाही. इथे बेझवर भिस्त न ठेवता जोडलेल्या फाइलचा प्रकार बघा : आयएसओ, आयएमजी, जेएस, व्हीबीएस, ईएक्सई आणि पासवर्ड लावलेली झिप या सरळ वेगळ्या फोल्डरमध्ये अडवा. खरा ग्राहक ड्रॉइंग पीडीएफमध्ये किंवा स्टेप फाइलमध्ये पाठवतो.

मराठी मेलचंही सांगून टाकतो. मराठीत कचरा तुलनेने कमी येतो, त्यामुळे युनिकोडमधले मराठी शब्द नीट शिकवले तर बेझला ते चांगल्या मेलची खूण म्हणून उपयोगी पडतात. पण ग्रामपंचायत, पतसंस्था, जुन्या शाळा यांच्याकडून अजूनही श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच मेलमध्ये चिकटवून येतो. आपल्याला फॉन्ट असला की तो मराठी दिसतो. फिल्टरला मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ दिसते, आणि असली माळ कचऱ्यातही नेहमी असते. अशांना मजकूर पीडीएफ करून जोडायला सांगा. युनिकोडला या म्हणून सांगून बघितलंय, त्याला वेळ लागतो.

काळ्या यादीने उत्तर देणं बंद केलंय

"काल संध्याकाळपर्यंत ठीक होतं, आज सकाळपासून कचऱ्याचा पूर आलाय." अशा अचानक बिघाडात डीएनएस तपासा. फिल्टर प्रत्येक मेलच्या वेळी काळ्या याद्यांना डीएनएसमधून विचारतो की हा आयपी (पाठवणाऱ्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) तुमच्याकडे नोंदलेला आहे का. १९९८ पासून काम करणाऱ्या स्पॅमहॉस या संस्थेची यादी यात सगळ्यात वजनदार. स्पॅमहॉस आपल्या मोफत याद्यांचं उत्तर सार्वजनिक डीएनएसमधून आलेल्या विचारणेला देत नाही. सर्व्हरवर कुणी इंटरनेट चालत नाही म्हणून डीएनएस बदलून गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८ टाकला की यादीऐवजी १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ "तुमची विचारणा सार्वजनिक डीएनएसमधून आली, आम्ही उत्तर देत नाही". विचारणा फार झाल्या तर १२७.२५५.२५५.२५५.

गंमत पुढे आहे. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर हे उत्तर ओळखून सोडून देतं, म्हणजे यादी नसल्यासारखी होते आणि कचरा आत येतो. "कुठलंही उत्तर आलं म्हणजे नोंद आहे" असं समजणारं सॉफ्टवेअर मात्र आख्ख्या जगाचा मेल अडवतं. कारण एकच, लक्षणं अगदी उलटी. मेलमधल्या लिंकची डोमेनं तपासणाऱ्या यूआरआयबीएल नावाच्या दुसऱ्या यादीचंही असंच. हेडरमधल्या नियमांत "यूआरआयबीएल ब्लॉक्ड" असा शब्द दिसला तर दुसरं काही शोधू नका. इलाज : सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधणारा प्रोग्राम) बसवा आणि फिल्टरला १२७.०.०.१ कडे, म्हणजे त्याच सर्व्हरकडे, वळवा. ते जमत नसेल तर स्पॅमहॉसकडे नोंदणी करून मिळणारी मोफत "की" (ओळखीचा कोड) छोट्या वापरासाठी पुरते.

त्याच बैठकीत मेलेल्या याद्याही काढून टाका. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी लोकांनी ती सेटिंगमध्ये तशीच ठेवली. शेवटी मार्च २००८ मध्ये तिने सगळ्याच आयपींना "नोंद आहे" म्हणायला सुरुवात केली आणि ज्यांनी ओळ काढली नव्हती त्यांचा सगळा मेल परत जाऊ लागला. जून २०२४ मध्ये सॉर्ब्स बंद झाली. जुन्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये तिचं नाव अजून सापडतं.

नियमांचंही तेच. स्पॅमअसॅसिनमध्ये "तारीख फार पुढची आहे" असं ओळखणारा एक नियम होता, त्यात २०१० पासूनची सगळी वर्षं भविष्यातली धरलेली. १ जानेवारी २०१० उजाडला आणि जगभरच्या सरळ मेलना फुकटचे गुण पडायला लागले. नियम लगेच दुरुस्त झाला, पण ज्यांच्या सर्व्हरवर नवे नियम उतरवून घेणारं एसए-अपडेट चालत नव्हतं त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोचलीच नाही. तुमच्याकडे ते रोज चालतंय का, शेवटचं कधी चाललं, एवढं आत्ताच बघून घ्या.

चांगला मेल अडकतोय

इथे मी आधी पाठवणाऱ्याकडे बोट दाखवतो, कारण "ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स" बघितलं तर बऱ्याचदा दोष तिकडेच असतो. एसपीएफमध्ये "पर्मएरर" (रेकॉर्डच चुकीचा) दिसला तर दोन शक्यता. एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच चालतो. होस्टिंगवाल्याने एक टाकला, नंतर बल्क मेलवाल्याने सांगितला म्हणून दुसरा टाकला, की दोन्ही निकामी. दुसरी शक्यता, एकाच रेकॉर्डमध्ये इतक्या सेवा जोडल्या की डीएनएसच्या १० शोधांची मर्यादा ओलांडली. समोरच्या पार्टीला फोन करून हे सांगणं थोडं अवघड जातं, पण त्यांना व्हाइटलिस्टमध्ये टाकण्यापेक्षा ते बरं. त्यांचा मेल फक्त तुमच्याकडेच अडकत नसतो.

टॅलीतून थेट इनव्हॉइस मेल करणाऱ्यांनी पाठवणारा पत्ता आणि ज्या एसएमटीपी सर्व्हरमधून मेल जातो तो एकाच डोमेनचा आहे का ते बघावं. पत्ता कंपनीचा आणि सर्व्हर भलताच असेल तर डीमार्क जुळत नाही.

निकालानंतर पालकांना एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या लातूर-नांदेडच्या क्लासेससाठी फेब्रुवारी २०२४ पासून गणित बदललंय. दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त मेल जीमेल खात्यांवर पाठवत असाल तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही हवेत, एका क्लिकमध्ये सदस्यता रद्द करायची सोय हवी, आणि मेलला स्पॅम म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. म्हणजे हजारात तीन पालक वैतागले तरी तुम्ही रेषेवर. विकत घेतलेल्या यादीवर मेल पाठवून ही रेषा पाळणं शक्य नाही.

आता ऑफिसच्या आतलं कारण, आणि हे शोधायला सगळ्यात जास्त वेळ खाणारं. कंपनीच्या पत्त्यावरचा मेल मालकांच्या जीमेलवर फॉरवर्ड केलेला असतो. फॉरवर्ड होताना मेल तुमच्या होस्टिंगच्या आयपीवरून जातो, त्यामुळे मूळ पाठवणाऱ्याचा एसपीएफ जुळत नाही. तरी डीकेआयएमची सही शाबूत असते म्हणून मेल पोचतो. पण मधल्या फिल्टरने विषयाच्या सुरुवातीला "स्पॅम" असा शिक्का जोडला की सहीसुद्धा मोडते, कारण विषयाची ओळ सहसा सहीत धरलेली असते. एसपीएफ गेला, डीकेआयएम गेला, डीमार्क नापास. पाठवणाऱ्या बँकेचं धोरण "रिजेक्ट" असेल तर जीमेल तो मेल स्पॅममध्येही ठेवत नाही, दारातून परत पाठवतो. होस्टिंगवर दिसतो, मालकांना दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. शिवाय तुमचा सर्व्हर सगळा कचराही जीमेलकडे ढकलत असल्याने त्याची पत घसरते, मग तुम्ही पाठवलेली कोटेशनं लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागतात. फॉरवर्ड बंद करा, मालकांच्या फोनवर कंपनीचं खातं आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवणारी पद्धत) जोडून द्या, आणि शिक्का विषयात न टाकता फक्त हेडरमध्ये टाकायला सांगा.

पॉप (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारी पद्धत) वापरणाऱ्यांचं एक वेगळंच. जीमेलचं खातं आउटलुकमध्ये पॉपने जोडलं असेल तर स्पॅम फोल्डर खाली उतरतच नाही. मेल आलेला असतो, जीमेलच्या स्पॅममध्ये पडून असतो, आणि ३० दिवसांनी कायमचा जातो. ब्राउझरमधून आठवड्यातून एकदा उघडून बघायचं काम कुणाच्या तरी नावावर लावा.

काही कारखान्यांत अजून स्वतःचा मेल सर्व्हर ऑफिसच्या ब्रॉडबँडवर चालतो. वीज गेली, राउटर बंद-चालू झाला, आयपी बदलला, आणि तो नवा आयपी स्पॅमहॉसच्या पीबीएलमध्ये असतो, कारण घरगुती वापराचे बदलते आयपी तिथे असतातच. ती शिक्षा नाही, तसं धोरणच आहे. स्थिर आयपी घ्या किंवा बाहेर जाणारा मेल एखाद्या रिले सेवेतून पाठवा.

सगळं पास, तरी मेल खोटा

एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास, बेझही म्हणतो चांगला. आणि मेलमध्ये लिहिलेलं असतं, "आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट सोबतच्या खात्यावर करा." असा मेल अडवणारा फिल्टर शोधू नका. मेल खरोखर त्या पार्टीच्या खात्यातूनच आलेला असतो, फक्त खातं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं. शक्य असेल तर एवढं करा : मेलमध्ये बँक खात्याबद्दल शब्द असतील तर वर रंगीत इशारा लावणारा नियम टाका, आणि जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन केल्याशिवाय खातं बदलायचं नाही हे अकाउंट विभागाला लेखी द्या. त्या मेलखाली दिलेल्या नंबरवर फोन करण्यात काही अर्थ नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिल्या काही तासांत रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते. १९०९ चं डीएनडी इथे उपयोगाचं नाही, ते फोन आणि एसएमएससाठी आहे. जाहिरातीच्या मेलविरुद्ध तिथे तक्रार करून काही होत नाही.

दुरुस्तीनंतरची तपासणी

जीट्यूब नावाची एक ठरलेली अक्षरओळ आहे; ती मजकुरात असली की स्पॅमअसॅसिन मेलला हजार गुण देतो. ती बाहेरच्या खात्यावरून पाठवून फिल्टर जागा आहे का ते बघा. त्याच खात्यावरून एक साधा मराठी मेल, एक पीडीएफ जोडलेला आणि एक ड्रॉइंग जोडलेला असे आणखी तीन पाठवा. चारही मेलचे हेडर जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतात.

आणि फिल्टरमधलं "स्पॅम आपोआप डिलीट करा" हे लगेच चालू करू नका. आधी फक्त खूण करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकू द्या. तिमाहीचे रिटर्न भरून होईपर्यंत तो फोल्डर अकाउंटंटला चाळू द्या, त्यात कामाचा मेल सापडायचा बंद झाला की मग ठरवा. मी तर १० गुणांच्या वरच्यांनाच डिलीटवर ठेवतो, ५ ते १० मधले फोल्डरमध्येच राहू देतो.